पेटीतली टोपी कुणाची, कुठल्या सालची?

शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतोय. मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या लसीकरणावर बोललो. आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे आमच्या काय कामाचं? विषय आहे घरात पडून असलेल्या जुन्या फौजी टोप्या. माळ्यावर, फडताळात, सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली एखादी तरी निघते. ती कुणाची, कुठल्या पलटणीची, किती जुनी, हे घरातल्या कुणालाच धड सांगता येत नाही. आजोबांची असेल, नाहीतर पणजोबांची. एवढं बोलून झाकण परत लावतात.

आमच्या गटांमध्ये हा विषय निघाला तो एका गोष्टीमुळे. शिरूर तालुक्यातल्या एका गावात मोटारसायकलवर एक माणूस येऊन गेला. जुनी नाणी, पितळ, पदकं, बिल्ले, टोप्या घेतो म्हणाला. बोहारणीला जुनी कापडं देऊन आपण पातेलं घेतो ना, तोच भाव. आमच्या एका मैत्रिणीच्या घरातून तीन पदकं आणि टोपीवरचा बिल्ला त्याने नेला आणि स्टीलचा डबा दिला. घरात नव्वदी पार केलेल्या सासूबाई. त्यांचे मालक दुसऱ्या महायुद्धात होते. दुसऱ्या महायुद्धातले माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना राज्य सरकार दरमहा अनुदान देतं. पण त्यासाठी नोकरीचा पुरावा लागतो आणि यांची कागदं तर कधीच वाळवीने खाल्लेली. हिंदुस्थानी शिपायांच्या पदकांच्या कडेवर त्याचा नंबर आणि नाव ठोकलेलं असायचं. चांदणीच्या आकाराचं पदक असेल तर ते मागच्या बाजूला असतं. म्हणजे नंबर घरात होता आणि तो डब्याच्या बदल्यात गेला! राहिली ती नुसती टोपी. तिचं पुढे काय झालं ते सांगतोच.

आधी आपल्या भागाचं थोडं सांगायला हवं, कारण टोपी ओळखताना ते उपयोगी पडतं. शिरूर, म्हणजे आपलं घोडनदी, इंग्रजांच्या काळात लष्करी छावणी होती. १८१७ सालच्या ३१ डिसेंबरच्या रात्री जी फौज निघाली आणि दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८१८ ला, कोरेगावला लढली, ती शिरूरहूनच निघाली होती. पूना हॉर्स या घोडदळाचं शिरूरशी जुनं नातं आहे. १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याच्या थडग्याला इथले लोक सत्पुरुष म्हणून नवस बोलायचे, हे तर सरकारी गॅझेटियरमध्येही नोंदवलेलं आहे. दौंडचं वेगळं. ते रेल्वेचं जंक्शन, आणि राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ तिथेच. म्हणून दौंडकडच्या पेटीतून टोपी निघाली की ती फौजेचीच असेल असं धरून चालत नाही. ती गार्डाची असेल, पोलिसाची असेल.

आता टोपी हातात आली की काय करायचं? सगळ्यात आधी काय करायचं नाही ते ऐका. धुवायची नाही. बिल्ला चिंचेने किंवा पितांबरीने घासायचा नाही. आपल्याला सवय असते, पितळ दिसलं की घासलं. पण घासून घासून बिल्ल्यावरची अक्षरं झिजतात, आणि आपल्याला तर अक्षरंच वाचायची असतात. कोरड्या मऊ कपड्याने धूळ झटका, बास.

मग टोपी उलटी करा. लोक बिल्ल्याकडे बघतात, पण टोपीची कुंडली आतल्या अंगाला असते. कपाळाला लागते ती चामड्याची किंवा कापडाची पट्टी हलक्या हाताने बाहेर वळवा. तिच्यामागे, किंवा अस्तरावर मधोमध, शाईचा शिक्का असू शकतो. त्यात वरच्या दिशेने जाणारा बाण दिसला, तर तो सरकारी मालाचा शिक्का. बाणाखाली इंग्रजी आय हे अक्षर म्हणजे एक उभी रेघ असेल, तर तो हिंदुस्थानातल्या लष्करी मालाचा. शेजारी बहुतेक वेळा साल असतं, कधी पूर्ण, कधी नुसते शेवटचे दोन आकडे. कारखान्याचं नाव असेल तर फारच छान. शाहजहानपूरचा लष्करी कपड्यांचा कारखाना १९१४ साली सुरू झाला, मद्रासजवळच्या आवडीचा १९६१ साली. म्हणजे आवडीचा शिक्का असलेली टोपी कुणी दुसऱ्या महायुद्धातली म्हणून दाखवली, तर हसून परत द्यायची.

एक आकडा मात्र फसवतो. ६ आणि पुढे ७ भागिले ८, किंवा ७ आणि पुढे १ भागिले ८, असं काही लिहिलेलं असतं. ते साल नाही आणि पलटणही नाही, ते डोक्याचं माप. पांढऱ्या खडूने किंवा शाईने हाताने लिहिलेले चार-पाच आकडे दिसले, तर ते मात्र जपून उतरवून घ्या. शिपाई आपल्या सामानावर आपल्या नंबराचे शेवटचे आकडे घालायचे, म्हणजे बराकीत अदलाबदल व्हायला नको. शिक्का पुसट असेल तर मोबाईलची बॅटरी सरळ न मारता बाजूने तिरपी मारा, फोटो काढा आणि फोटो मोठा करून बघा. डोळ्याला न दिसलेलं फोटोत दिसतं. घरातल्या नातवाला सांगा, तो फोटोतला काळोख-उजेड कमी-जास्त करून देईल. ही कामं पोरं आनंदाने करतात.

कापडाची पारख तर आपल्या शिवणकामाच्या गटातल्या बायकांनी करावी. त्यांच्याइतकी ती दुसऱ्या कुणाला जमणार नाही. अस्तराचा आधीच सुटून लोंबणारा एक दोरा घ्या. दोरा उपसायचा नाही, सुटलेला असेल तरच. चिमट्यात धरून चुलीपाशी नेऊन पेटवा. लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि काळी राख चुरगळते. सुती असेल तर कागद जळल्याचा वास, राख करडी आणि हलकी. आणि दोरा वितळून त्याचा टणक मणी झाला, तर ते पॉलिस्टर किंवा नायलॉन. टेरिकॉटसारखं कापड आपल्याकडे सर्रास वापरात आलं ते १९६० नंतरच्या काळात. मूळ कापडच तसलं असेल तर ती टोपी महायुद्धातली नव्हे.

मूळ कापड म्हणालो ते मुद्दाम. कारण अस्तर फाटलं की घरच्या बाईने ते बदललेलं असतं. एका टोपीला आतून चक्क इरकल लुगड्याचा तुकडा लावलेला आम्ही पाहिला, इतका नीट की हातशिलाई ओळखू येईना. टोपीचं वय त्या तुकड्यावरून काढलं असतं तर सगळंच चुकलं असतं. म्हणून शिलाई बघा. कारखान्याची मशीनशिलाई एकसारखी, टाके जवळजवळ. घरची दुरुस्ती वेगळ्या दोऱ्याची. आणि दुरुस्ती दिसली म्हणून ती उसवू नका. त्या आजीचा हात आहे तो.

आता आकार. पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १८, आपल्याकडचे शिपाई बहुतेक पागोटं, फेटा बांधायचे. तेव्हा पणजोबांची पहिल्या युद्धातली टोपी म्हणून कुणी गोल, मऊ, एका बाजूला कललेली बॅरे टोपी दाखवली, तर ते जमत नाही. इंग्रजांच्या लष्करातसुद्धा ती आधी रणगाडेवाल्यांनी घेतली, काळ्या रंगाची, १९२४ साली. छत्रीधारी सैनिकांची मरून रंगाची बॅरे दुसऱ्या महायुद्धातली. आपल्या फौजेत बॅरे सगळीकडे पसरली ती नंतर. रंगावरून आजही बरंच कळतं: रणगाड्यांची काळी, पायदळाची हिरवी, छत्रीधाऱ्यांची मरून. फिकट आकाशी रंगाची निघाली तर दचकू नका. ती संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची. आपले जवान १९५६ ते ६७ या काळात गाझाला आणि १९६० नंतर आफ्रिकेत काँगोला गेले होते. घरात कुणी काँगो-काँगो म्हणत असेल आणि पोरं हसत असतील, तर आकाशी टोपी शोधा.

घडी घालून खांद्याच्या पट्ट्यात खोचायची होडीसारखी टोपी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुष्कळ वापरात होती. पण तसलीच टोपी होमगार्ड, स्काउट, सेवादल, शाळेतली कवायत, सगळ्यांनी वापरली. नुसत्या आकारावर जाऊ नका. आणि ती साहेबाची हॅट, जाड, हलकी, वरून खाकी कापड लावलेली? ती आतून भेंडाची असते. आपली बाशिंगं ज्या भेंडाची करतात तसलंच. ती इंग्रज अधिकारी घालायचे हे खरं, पण कलेक्टर, कालव्याचे इंजिनिअर, रेल्वेचे साहेब, मिशनरी हेही घालायचे. बिल्ला किंवा शिक्का नसेल तर तिला फौजी म्हणू नये असं आमचं मत.

बिल्ल्याकडे येऊ. सर्वात सोपी खूण म्हणजे मुकुट आहे की सिंह. २६ जानेवारी १९५० ला आपलं राज्य प्रजासत्ताक झालं आणि अशोकस्तंभाचे सिंह राजचिन्ह झाले. बिल्ल्यावर सिंह असतील तर तो त्यानंतरचा. मुकुट असेल तर त्याआधीचा. १९४७ लाच सगळं बदललं असं पुष्कळांना वाटतं, पण मधली दोन-अडीच वर्षं जुनेच बिल्ले चालले होते. मुकुटातही फरक आहे. वरच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतील, उंटाच्या पाठीसारख्या, तर तो राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, म्हणजे १९०१ च्या आधीचा. कमान घुमटासारखी गोल असेल तर १९०१ नंतरचा. आपल्याकडे निघणारे मुकुट बहुतेक गोलच असतात. दबलेला मुकुट दिसला तर जरा सावध, कारण इंग्लंडात १९५२ नंतर पुन्हा तसाच मुकुट आला आणि तिकडचे नवे बिल्ले जुने म्हणून खपवले जातात.

दुसरी खूण आकड्याची. मराठ्यांच्या पलटणींना १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे तीन आकडी नंबर होते ते १९०३ ते १९२२ या काळात. १९२२ साली त्या एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. तेव्हा ११० असा आकडा दिसला तर तो शंभरीचा बिल्ला आहे, हे नक्की. याच १०३ आणि ११० नंबरच्या पलटणी १९१५-१६ साली इराकमध्ये कूत इथे वेढ्यात अडकल्या होत्या. नुसता पाचाचा आकडा असेल तर १९२२ ते दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा, कारण युद्ध संपताना पलटणींच्या नावातले आकडे काढून टाकले. इंग्रजी स्पेलिंगही बघा. जुन्या बिल्ल्यावर मराठा हा शब्द मधे एच घालून लिहिलेला असतो, एम ए एच आर ए टी टी ए असा. स्वातंत्र्यानंतर तो आजच्यासारखा सरळ झाला. बिगुलाचं चिन्ह हे लाइट इन्फन्ट्रीचं.

महार रेजिमेंटच्या बिल्ल्याची गोष्ट तर आपल्या दारातली आहे. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ महार नावाची पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडली. त्या वीस वर्षांच्या खंडात, १ जानेवारी १९२७ ला, बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या जयस्तंभाला येऊन गेले. मग १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर हाच कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ साली ती मशिनगनची रेजिमेंट झाली, तेव्हा स्तंभावर दोन तिरप्या मशिनगन आल्या. नंतर स्तंभ काढून त्या जागी खंजीर आला, तोच आजचा बिल्ला. म्हणजे एका बिल्ल्यात किती सांगितलं बघा. नुसता स्तंभ असेल तर १९४१ ते ४६. स्तंभ आणि मशिनगन असेल तर १९४६ नंतरची थोडी वर्षं. खंजीर असेल तर स्वातंत्र्यानंतरचा. स्तंभाचा बिल्ला ज्यांच्या घरात असेल त्यांनी तो मोटारसायकलवाल्याला दाखवूसुद्धा नये.

मात्र बिल्ला आणि टोपी एकाच वयाचे असतील असं नाही. बिल्ला काढून दुसऱ्या टोपीला लावता येतो. टोपीवर बिल्ल्याखालचं कापड उन्हापासून वाचलेलं असतं, म्हणून गडद राहतं. बिल्ला हलवून खाली बघा. गडद डागाचा आकार आणि बिल्ल्याचा आकार जुळला, भोकं जुळली, तर दोघं जुने सोबती. नाही जुळले तर कुणीतरी नंतर लावलाय. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी असले बिल्ले ढिगाने मिळतात, त्यात नवे पाडलेलेही असतात. नव्या नकलेची कड खरबरीत असते, अक्षरं गुळगुळीत साबणासारखी, आणि मागची पितळी कडी कोरी करकरीत.

फौजेची नसलेली टोपी कशी ओळखायची, तेही सांगतो, कारण दौंडच्या मैत्रिणींना याचा जास्त उपयोग. बिल्ल्यावर किंवा बटणावर जी आय पी आर ही इंग्रजी अक्षरं असतील, तर ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. १९५१ साली मध्य रेल्वे झाली आणि ती अक्षरं गेली. म्हणजे टोपी सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या पलीकडची, आणि आजोबा शिपाई नसून रेल्वेत होते. होमगार्ड मुंबई प्रांतात १९४६ च्या डिसेंबरात सुरू झालं, एनसीसी १९४८ साली, महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला. महाराष्ट्र पोलीस असं लिहिलेलं काहीही १९६० च्या आधीचं असू शकत नाही. आणि हसू नका, पण आमच्याकडे आलेल्या टोप्यांपैकी सर्वात झगमगीत, लाल पट्टीची, सोनेरी दोऱ्याची, सिंहाच्या बिल्ल्याची टोपी लग्नातल्या बँडवाल्याची निघाली. घरमालकीण थोडी हिरमुसली. मग म्हणाली, सासरे ढोल फार छान वाजवायचे. तीही टोपी तिने नीट गुंडाळून ठेवली.

आता एक नाजूक गोष्ट. टोपीने सांगितलेलं आणि घरात चालत आलेलं, हे पुष्कळदा जुळत नाही. दौंड तालुक्यातल्या एका घरी हिरवी बॅरे होती. थोरल्या घरात ती काचेच्या कपाटात, पहिल्या महायुद्धातल्या पणजोबांची म्हणून. दसऱ्याला तिला फूल वाहायचे. आमच्या गटातल्या सूनबाईंनी ती आणली. बिल्ला खंजिराचा. आत शिक्क्यात १९ च्या पुढे ६, आणि शेवटचा आकडा ६ किंवा ८. म्हणजे टोपी १९६६ किंवा ६८ सालची. पणजोबांची असणं शक्यच नाही. मग कुणाची? त्या घरातले धाकटे चुलत सासरे पासष्टच्या लढाईनंतर भरती झाले होते आणि सुट्टीवर आले असताना अपघातात गेले. त्यांची बायको, आता सत्तरीच्या पुढची, त्याच वाड्याच्या मागच्या खोलीत राहते. दर दसऱ्याला ती त्या टोपीकडे बघत होती आणि काही बोलत नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, थोरल्यांनी एकदा सांगितलं ते सांगितलं, आपण कशाला मोडायचं.

यात पणजोबा खोटे ठरले का? नाही. गावच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, आपल्याकडच्या पुष्कळ गावांत आहे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके जण गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, असं तीवर इंग्रजीत कोरलेलं असतं. पणजोबा गेले असणारच, त्यांचं पागोटं राहिलं नाही एवढंच. थोरल्या जाऊबाईंनी आधी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी टोपी स्वतःच्या हाताने मागच्या खोलीत नेऊन दिली. पाटीचा फोटो छापून आता कपाटात लावलाय. सगळ्या घरांत हे इतक्या गोडीने होईल असं नाही. म्हणून गटात टोपी बघताना आम्ही एक नियम ठेवलाय: जे दिसतं ते वहीत लिहायचं, पण कुणाच्या घरचं म्हणणं चारचौघींत खोडायचं नाही. घरी जाऊन, आधी त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारायचं.

म्हाताऱ्या बाईला का, तर पेटी तिने सांभाळलेली असते. पुरुष पेन्शनीच्या, लढाईच्या गोष्टी सांगतात. टोपीला कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला कुणी बदलला, ते तिलाच माहीत असतं. टोपी कोणत्या साली घरात आली, तेव्हा कुठलं मूल पोटात होतं, दुष्काळाच्या आधी की नंतर, याची तिची आठवण पक्की असते. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी, एवढं जरी कळलं तरी पुष्कळ काम होतं.

तर त्या नव्वदीच्या आजींकडे परत जाऊ. त्यांच्याकडे राहिली होती खाकी सुती, घडीची टोपी. आत बाण, खाली उभी रेघ, आणि १९४३. बिल्ला गेलेला, पण कापडावर गडद डाग राहिलेला. त्याची गोलाई बिगुलासारखी, वर दोरीचा आकार. मराठी घर, दुसऱ्या महायुद्धाचा काळ, बिगुल. तेव्हा पहिली चौकशी मराठा लाइट इन्फन्ट्रीकडे करायची हे ठरलं. हे का महत्त्वाचं, तर प्रत्येक रेजिमेंटची कागदं वेगळ्या ठिकाणी असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाड्यांचं अहिल्यानगरला. चुकीच्या ठिकाणी पत्र गेलं तर वर्ष जातं, आणि नव्वदीच्या बाईकडे वर्षं किती असतात?

टोपी हा काही सरकारदरबारी पुरावा नाही, हे स्पष्ट सांगतो. टोपीने फक्त दार कुठलं ठोठवायचं ते सांगितलं. पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज करायचा ठरला. तिथे मालकांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव, तालुका, भरतीचं अंदाजे साल हे सगळं लागतं, पण नंबर असला तर शोध सोपा होतो. तेव्हा आजींच्या नणंदेची मुलगी, कुरकुंभकडे दिलेली, तिला फोन केला. तिच्या आईच्या पोथीत भावाचा गणवेशातला फोटो होता. फोटोच्या मागे, बहुतेक मालकांनीच, शाईने नंबर आणि सालासकट दोन ओळी लिहिलेल्या. टोपीत हाताने लिहिलेले चार आकडे आणि त्या नंबराचे शेवटचे चार आकडे एकच. आमच्यातल्या दोघीजणी तिथेच रडल्या. आजी मात्र शांत होत्या. म्हणाल्या, डाव्या कानावर तिरपी घालायचे ते. अर्ज गेलाय, टोपीच्या आणि फोटोच्या प्रतींसकट. उत्तर अजून यायचंय, आलं की याच कार्यक्रमात सांगू.

विकण्याबद्दल विचाराल तर आम्ही कुणाला विकू नका म्हणून सांगणार नाही. अडचण प्रत्येकीला असते. पण विकायच्या आधी पदकाच्या कडेचा, बिल्ल्याच्या दोन्ही बाजूंचा, टोपीच्या आतल्या शिक्क्याचा फोटो काढा आणि नंबर वहीत उतरवा. एकटीने सौदा करू नका, गटातली दुसरी कुणीतरी जवळ असू द्या. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू परदेशी पाठवायला कायद्याने बंदी आहे, १९७२ चा कायदा आहे तसा. परदेशी गिऱ्हाईक आहे, जास्त पैसे देतो, असं कुणी म्हणालं की ताबडतोब उठायचं.

ठेवायचं ठरलं तर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत दमट होऊन बुरशी येते. जुनी, मऊ, धुतलेली पांढरी सुती साडी चांगली. टोपीच्या आत त्याच कापडाचा बोळा घाला, म्हणजे घडी पडून चिरणार नाही. डांबरगोळ्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात, टोपीला चिकटू देऊ नका. भेंडाच्या हॅटवर काहीही रचून ठेवायचं नाही, ती दाबली की संपली. पेटीत जुनी पांढरी पावडर सांडलेली दिसली तर ती कीटकनाशक असू शकते. नाकाला पदर बांधा, हात साबणाने धुवा, लहान पोरांना लांब ठेवा. वर्षातून एकदा, पावसाळा सरला की, सावलीत वारा द्या. ऊन दाखवू नका, रंग उडतो.

युद्धात गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसाचं नाव शोधायचं असेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची नावं फुकट बघता येतात. नावाचं इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी करून बघा. पाटलाचं कधी पी ए टी आय एल, कधी मधे दोन टी. गावाच्या नावाचीही तीच गत, आपल्या दौंडचं तेव्हा धोंड लिहायचे, शिरूरचं सिरूर. खडकीच्या युद्धस्मशानात जाऊन यायचं असेल तर तेही जवळच आहे. अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, पूना हॉर्ससारख्या घोडदळाच्या पलटणी पुढे रणगाड्यांवर कशा गेल्या ते तिथे समजतं. शिरूरकडच्या गटांनी एक दिवस गाडी करून जायला हरकत नाही.

पुढच्या महिन्याच्या बैठकांना ज्यांच्याकडे टोपी, बिल्ला, पदक, जुना गणवेशातला फोटो असेल त्यांनी घेऊन यावा. शिवणकामाच्या गटातल्या मैत्रिणींनी भिंग आणि मोजपट्टी आणावी. वहीत पाच गोष्टी लिहू: आतला शिक्का, कापड, आकार, बिल्ला आणि घरातली म्हातारी काय म्हणते. टोपी पिशवीत कोंबून आणू नका, चपात्यांच्या मोठ्या डब्यात आणा. आणि शक्य असेल तर ज्यांची पेटी आहे त्या आजींनाही घेऊन या, त्यांच्यासाठी खुर्ची ठेवू.